माझी एक मैत्रीण आहे

वरची खोली कुणाला द्यायची नाही असंच मी ठरवलं होतं. भाडेकरू म्हणजे विकतचं दुखणं. नळ चालू ठेवतात, दारं आपटतात आणि खिळे ठोकून ठोकून भिंतीची चाळण करतात. पण नवरा गेल्यावर घर इतकं गप्प झालं की शिवणयंत्र थांबलं की मला माझाच श्वास ऐकू यायचा. मुलगा परदेशात. रविवारी फोन करतो, "आई, जेवलीस का, औषध घेतलंस का," की झालं. त्यामुळे कोपऱ्यावरचा किराणावाला जेव्हा म्हणाला की कॉलेजात शिकणारी एक साधी मुलगी खोली शोधतेय, तेव्हा मी तोंडदेखलं नाही म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना धुऊन काढला.

मुलगी आली ती एक बॅग आणि कोऱ्या कागदांची भली मोठी गुंडाळी घेऊन. हडकुळी, केस कसेतरी बांधलेले, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. काय शिकतेस विचारलं तर म्हणाली डिझाइन. मला वाटलं कपड्यांचं. म्हटलं चला, एकाच धंद्यातल्या निघालो, कारण मी कपडे दुरुस्त करते. चेन बदलते, पँटी आखूड करते, झिजलेल्या कॉलरी उलटवून देते.

"कपड्यांचं नाही मावशी, कशाचंही," ती म्हणाली. "आधी माणूस बघायचा. त्याचं कुठे अडतंय ते विचारायचं. मग त्याच्यासाठी काहीतरी करायचं, त्याच्या हातात देऊन बघायचं आणि नाही जमलं तर मोडून परत करायचं."

"म्हणजे ट्रायल," मी म्हटलं. "त्याला आम्ही ट्रायल म्हणतो. त्यासाठी कॉलेजात कशाला जायला लागतं?"

ती इतकी हसली की चष्मा पडला. आमच्या घरात कुणी हसून बरेच दिवस झाले होते. मी लगेच चहा टाकला.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मला वाचता येत नाही. आकडे येतात. टेप धरते, हिशेब करते, फोन लावते. पण अक्षरं म्हणाल तर माझ्यापुढे नुसत्या मुंग्या. मी घरातली थोरली. पाठची भावंडं कडेवर घेऊन मी शाळेच्या फाटकापर्यंत जायची, त्यांना आत सोडायची आणि घरी येऊन भांडी घासायची. लग्न ठरवताना माझ्या बापाने मुलाकडच्यांना ठोकून दिलं, "सातवी पास आहे." सासरच्यांनी मान डोलावली. मीही डोलावली, काय करणार!

नवऱ्याला मात्र पहिल्या आठवड्यातच कळलं. मला जोखायला त्याने पेपर पुढे केला, म्हणाला, बघ, केवढी मजेची बातमी आहे. मी हसले. बातमी होती आग लागल्याची. माणूस भला होता. पेपरची घडी घालून म्हणाला, "बरं. वाचायचं ते माझ्याकडे, बाकी सगळं तुझ्याकडे." शेवटपर्यंत त्याने हे स्वतःच्या आईलासुद्धा कळू दिलं नाही. दवाखान्यात, बँकेत, कुठेही कागद पुढे आला की हा आधी बोलायचा, "तिचा चष्मा घरी राहिलाय, आणा इकडे." झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती मूठ आम्ही दोघांनी मिळून झाकली होती. तो गेला आणि ती एकटीने झाकायची वेळ आली. चष्मा तरी किती वेळा घरी राहणार?

मुलगी हुशार, पण तिच्या नजरेची मला धास्तीच वाटायची. कुठेही टक लावून बघत बसायची. माझ्याकडे येणाऱ्या कपड्यांना मी नावाची चिठ्ठी लावत नाही, प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक रंग ठरलेला आहे, त्या रंगाचा दोरा काजात बांधून ठेवते. हिने ते पहिल्याच आठवड्यात हेरलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तशी माझी गत.

"चिठ्ठी का नाही लावत मावशी?"

"चिठ्ठी पडते. दोरा पडत नाही."

"काय डोकं चालवलंय!" म्हणून तिने त्या दोऱ्यांचे फोटो काढले. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि मनात म्हटलं, बाई गं, फोटो काढलास, पण बघितलंस का?

मग एक दिवस ती उड्या मारत जिना उतरली. शेवटच्या वर्षाच्या कामासाठी तिला विषय मिळाला होता. पालिकेच्या शाळेत संध्याकाळी मोठ्या माणसांचा वर्ग भरतो, लिहायला वाचायला शिकवणारा. लोक नाव नोंदवतात, एक दिवस येतात आणि परत फिरकत नाहीत. ते का, हे शोधायचं आणि तो वर्ग सुधारायचा. माझ्या हातातली सुई तिथेच थांबली. जगात एवढे विषय पडलेत आणि हिला नेमका हाच मिळावा!

त्या दिवसापासून पोरगी गावभर हिंडायला लागली. वर्गात जाऊन बसायची, बांधकामावर जायची, कचऱ्याच्या गाडीमागे चालायची, दवाखान्याच्या रांगेत आयाबायांशी बोलायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आणि कळसा मुकाट्याने खाली बसून कॉलरी उलटवतोय.

संध्याकाळी ती दमून यायची आणि वर जायच्या आधी माझ्या यंत्राशेजारच्या स्टुलावर टेकायची. हळूहळू मला त्या टेकण्याची सवय झाली. कधी उशीर झाला की मी उगाच दाराशी जाऊन रस्त्यावर बघायची. तिलाही या गावात कुणी नव्हतं. एकदा ती जिन्यात बसून आईशी फोनवर बोलत होती, "हो गं, आत्ताच जेवले, मैत्रिणींबरोबर गेले होते, खूप मजा आली." हातात अर्धा पाव होता, कोरडा. मी खालून ऐकलं. मला वाटलं, हिच्या त्या मैत्रिणी छान आहेत, कुरकूर करत नाहीत आणि जागाही अडवत नाहीत.

दोन महिने झाले आणि तिचं घोडं अडलं. त्या संध्याकाळी स्टुलावर बसली ती रडवेल्या तोंडाने.

"सगळे एकच सांगतात मावशी, वेळ नाही. पण ज्यांना वेळ आहे तेही येत नाहीत. मला कुणी खरं सांगतच नाही. सर म्हणाले, विषय बदल. नदीपलीकडच्या दवाखान्याचा एक विषय आहे. तो घेतला तर तिकडेच खोली बघावी लागेल."

खोली बघावी लागेल. एवढंच मला ऐकू आलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझी एक मैत्रीण आहे."

तिने मान वर केली.

"तिला वाचता येत नाही," मी म्हटलं. माझे कान तापले होते, पण जीभ सुटली होती. "तिने नाव नोंदवलं होतं त्या वर्गात. गेली पण होती. पण दार कुठे आहे बघितलंस का? बस थांब्याच्या समोर. तिथे उभ्या माणसांना बस येईपर्यंत दुसरा उद्योग काय? कोण कोण अडाण्यांच्या शाळेत शिरतंय ते बघायचं. ती फाटकापाशी गेली, चपलेचा पट्टा लावायला वाकली आणि तशीच पुढे चालायला लागली. सरळ घरी."

हे सगळं माझं होतं. नवरा गेला त्याच वर्षीचं. चपलेला पट्टासुद्धा नव्हता, उगाच वाकले होते.

मुलीने पेन काढलं आणि हळू आवाजात विचारलं, "घरी जाऊन तिने काय केलं?"

असं मला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. लोक विचारतात, पँट कधी मिळेल. मुलगा विचारतो, औषध घेतलंस का. घरी जाऊन मी काय केलं, हे कुणाला पडलंय? मी म्हटलं, "जेवली नाही. दिवा न लावता बसून राहिली." आणि मला भडभडून आलं, म्हणून मी यंत्र सुरू केलं आणि कुणाची तरी धड शिवण परत शिवून काढली.

मग रोज मैत्रीण. संध्याकाळ झाली की पोरगी स्टुलावर आणि मैत्रीण आमच्या मध्ये. ती बाजारात कसं करते? औषधाच्या बाटल्या कशा ओळखते? तिला वाचता आलं तर पहिल्यांदा काय वाचेल? मी सांगत गेले. झाकणाला दोरा बांधते. दुकानदाराला विचारते, "हे कालच्यासारखंच आहे ना?" आणि वाचायचं म्हणाल तर मोठं काही नाही, नवरा पेपरात बघून एकटाच हसायचा ते काय असायचं, तेवढं बघायचंय तिला. मुलगी लिहून घेताना मध्येच थांबायची आणि नाक पुसायची.

"संध्याकाळी काय करते ती?"

"वाट बघते."

"कुणाची?"

मी जीभ चावली. "कुणाची म्हणजे काय, भाजीवाल्याची!"

कामाला मात्र जोर चढला. तिने खोलीच्या भिंतीवर पिवळ्या चिकटचिठ्ठ्या लावायला सुरुवात केली. एकेका चिठ्ठीवर मैत्रिणीचं एकेक वाक्य. एकदा ती कॉलेजात गेलेली असताना मी झाडू घेऊन वर गेले. भिंत पिवळीधमक झाली होती. ओळीच्या ओळी. मी झाडू टेकवून उभी राहिले. माझा बाप, माझं लग्न, तो पेपर, ती चप्पल, सगळं तिथे होतं, माझ्याच घराच्या भिंतीवर, आणि त्यातलं एक अक्षर मला लागत नव्हतं. मी एका चिठ्ठीवर बोट ठेवलं, दुसऱ्या चिठ्ठीवर ठेवलं. यातली कुठली चिठ्ठी कशाची ते सांगायला शेजारी कुणी नव्हतं. खूप रडले मी त्या दिवशी. मग खोली झाडली आणि खाली आले.

तिने मैत्रिणीचं चित्रही काढलं होतं, मोठ्या कागदावर. उंच, सडपातळ, डोळे मायाळू. "अशी आहे का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "जराशी जाड आहे. आणि नाक एवढं सरळ नाही."

खरं सांगू? मला त्या बाईचा हेवा वाटायला लागला. पोरगी घरात शिरताच विचारायची, "मैत्रीण कशी आहे?" अगं, समोर मी बसलेय, मला सर्दी झालीय, माझी कंबर धरलीय, ते नाही दिसत! एकदा बाजारातून तिने लोकरीचे हातमोजे आणले, म्हणाली, "तिची बोटं गारठतात म्हणाला होतात ना, द्या तिला." दिले. म्हणजे घेतले, आणि गादीखाली ठेवले. माझेच हातमोजे आणि मला घालायची चोरी.

शेवटी वैतागून मी मैत्रिणीला घालवूनच द्यायचं ठरवलं. म्हटलं, "ती गेली लेकीकडे राहायला. आता काही यायची नाही." पोरीचं तोंड एवढंसं झालं. पण ती कसली ऐकतेय! "गाव सांगा, मी जाऊन भेटते." झाली का पंचाईत? चार दिवस मी विषय टाळला आणि पाचव्या दिवशी मैत्रिणीला परत आणावं लागलं. "पटलं नाही लेकीशी. आली परत." मुलगी म्हणाली, "बिचारी!" मी म्हटलं, "बिचारी कसली, स्वभावच तसा आहे तिचा."

एव्हाना वर्ग बदलायला लागला होता. तिथले गुरुजी म्हणजे निवृत्त मास्तर, चांगला माणूस पण हट्टी. मोठ्या माणसांना पहिलीच्या पोरांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसवायचे आणि त्यांच्याकडून चेंडूबाहुलीचे धडे वाचून घ्यायचे. मुलीने त्यांच्याशी भांडून मागचं दार उघडायला लावलं. "तिथे सायकली लावतात," गुरुजी म्हणाले. "मग सायकली पुढे लावा," ही म्हणाली. समोरची पाटी उतरवली. कुठून तरी जुन्या, पण मोठ्या माणसांच्या खुर्च्या मिळवल्या. बाहुलीच्या धड्याऐवजी शिकणाऱ्यांच्याच तोंडची वाक्यं मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्याच्या कार्डांवर लिहायची, म्हणजे वाचणाऱ्याला ती आपली वाटतील, अशी तिची कल्पना होती. आणि ती कार्डं घेऊन ती एक दिवस माझ्याकडे आली.

"मावशी, वर्गात देण्याआधी तुमच्या नजरेखालून जाऊ द्या. मोठ्याने वाचा. अडखळलात तर मी समजेन की शब्द अवघड आहे. मी मध्ये बोलणार नाही आणि मदतही करणार नाही, तसा नियमच आहे आमचा."

"चष्मा कुठे गेला कोण जाणे," मी म्हटलं.

तिने माझ्या यंत्राचा खण उघडला, चष्मा काढला, स्वतःच्या ओढणीने पुसला आणि माझ्या नाकावर बसवला. आता काय करणार? कार्ड हातात होतं. काळी जाड अक्षरं, मुंग्या नव्हेत, मुंगळे. मला एवढंच ठाऊक होतं की मैत्रिणीची वाक्यं आहेत, म्हणजे माझी आहेत. आदल्याच दिवशी मी एक बोलले होते आणि ते तिला फार आवडलं होतं. मी डोळे बारीक केले, वाचणारी माणसं करतात तशी मान थोडी मागे घेतली आणि सावकाश म्हटलं, "दार उघडं असलं तरी आत जायला धीर लागतो."

ती कार्डाकडे बघतेय, माझ्याकडे बघतेय. मला वाटलं, झालं. उघडली मूठ.

"मावशी!" ती ओरडली. "कार्डावर हे नाहीच आहे!"

मी कार्ड मांडीवर ठेवलं.

"कार्डावर मी लिहिलंय, 'शिक्षणाने माझ्या जीवनात प्रकाश येईल.' तिच्या तोंडचं नव्हतंच ते, मीच घुसडलं होतं. आणि तुम्ही ते वाचलंच नाहीत, तुमच्या तोंडात आपोआप तिचं खरं वाक्य आलं! किती बरोबर पकडलंत मला!" आणि तिने ते कार्ड टराटरा फाडलं, नवीन पुठ्ठा घेतला आणि जमिनीवर पालथी पडून माझं वाक्य लिहायला लागली.

मी चष्मा काढला. सुटले, असं वाटलं. आणि पाठोपाठ असं वाटलं की हिला दोन थोबाडीत द्याव्यात. एवढं बघायला शिकलीस, माणूस बघायला शिकलीस, मग माझ्याकडे बघ की गं मेले! पण ती खाली मान घालून अक्षरं गिरवत होती, जीभ दातांत धरून. मी तिच्यासाठी चहा टाकला.

लोक यायला लागले वर्गाला. नळ दुरुस्त करणारा यायचा, कचेऱ्या झाडणाऱ्या दोघी यायच्या, बँकेचा रखवालदार यायचा. मागच्या दाराने यायचे आणि टिकायचे. मुलगी रोज सांगायची, आज याने हे वाचलं, तिने ते वाचलं, आणि शेवटी म्हणायची, "पण ती कधी येणार? दार तिच्यासाठी बदललं मावशी."

"लाजते ती."

"कशाला लाजायचं? सगळे तिच्यासारखेच आहेत तिथे."

सांगणं सोपं असतं. मी तर दोनदा मागच्या गल्लीत जाऊन, सायकलींच्या जागेपाशी उभी राहून परत आले होते. बस थांबा नव्हता, पाटी नव्हती, बघायला कुणी नव्हतं. फक्त आत ती होती. गावातल्या कुणालाही कळलं असतं तरी एक वेळ चाललं असतं, पण तिला नको. तिच्यासाठी मी कार्ड वाचून चूक पकडणारी मावशी होते. ती मावशीच खोटी ठरली की माझ्याकडे काय उरणार होतं?

बघता बघता वर्ष संपलं. शेवटच्या संध्याकाळी तिच्या कॉलेजातले तीन सर येऊन वर्ग बघणार होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती तिच्या घरी जाणार होती, कायमची. नोकरीही तिकडेच लागली होती. सकाळी जाताना ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"मावशी, आज तिला आणा. बोलायला नको, वाचायला नको. नुसती येऊन बसू दे. मी वर्षभर तिच्याशी बोललेय आणि एकदाही तिला पाहिलं नाही. ती आली नाही तर हे सगळं मी केलं कुणासाठी?"

"बघते," मी म्हटलं.

दिवसभर माझ्या हातून एक शिवण सरळ पडली नाही. वर बॅग भरल्याचे आवाज नव्हते, ती आदल्या दिवशीच भरून झाली होती. म्हटलं, जाऊ दे. आज नाही गेले तर काय होईल? पोरगी उद्या जाईल, गावी जाऊन माझी आठवण काढेल, दिवाणखान्यात बसून सांगेल की एक मावशी होत्या, बऱ्या होत्या, आणि त्यांची एक मैत्रीण होती, काय सांगू तिच्याबद्दल! म्हणजे जन्मभर ती जिच्यासाठी हळहळेल ती मी नसणार. तिला माझी सगळी गोष्ट ठाऊक असणार, आणि मी तिला ठाऊक नसणार. हे मात्र मला सोसेना. मी गादीखालचे हातमोजे ट्रंकेत टाकले, साधे धुतलेले कपडे घातले आणि निघाले.

मागचं दार उघडंच होतं. आत सगळे आले होते. भिंतीशी तीन सर, हात मागे बांधून. गुरुजींनी नवा सदरा घातला होता. खिडकीशेजारची एक खुर्ची मोकळी होती. रखवालदार तिथे बसायला गेला तर मुलगी पटकन म्हणाली, "काका, तिथे नको, ती जागा ठेवलीय." मग तिचं लक्ष दाराकडे गेलं आणि तिचा चेहरा असा फुलला की मी पाहतच राहिले. माझ्यासाठी तो चेहरा कधी तसा फुलला नव्हता. आताही नव्हता. ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती, गल्लीत.

"आली? कुठाय?"

मी आत गेले. कोण कोण बघतंय ते मी पाहिलं नाही. सरळ खिडकीपाशी गेले आणि त्या खुर्चीवर बसले.

"मावशी, ती खुर्ची तिची..."

"माहीत आहे," मी म्हटलं. "मला वाचता येत नाही."

एवढी वर्षं पोटात ठेवलेलं वाक्य, वाटलं होतं तोंडातून निघताना जीव घेईल. निघालं. नळवाला मान खाली घालून आपलं कार्ड बघत बसला. गुरुजी खाकरले. पोरीने परत एकदा दाराकडे पाहिलं, अजून कुणी येईल अशा आशेने. कुणी आलं नाही. मग तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातांकडे पाहिलं, पायांतल्या चपलांकडे पाहिलं, पट्टा नसलेल्या, आणि परत तोंडाकडे. खूप वेळ बघत राहिली. तिच्या चष्म्याच्या काचा ओल्या झाल्या.

सर वाट बघत होते, तिचं काम दाखवायचं होतं. ती तशीच माझ्या खुर्चीपाशी खाली जमिनीवर बसली.

"मी एकाच घरात राहून तुम्हाला तुमच्याबद्दल कधी काहीच विचारलं नाही, मावशी," ती म्हणाली. तिचा आवाज फुटत होता. "एकदाही नाही."

"मग विचार की आता," मी म्हटलं. "गाडी सकाळची आहे ना?"